दोन सूत

आमच्या घरच्या पोळीत दगड लागायचा. हे मी एकदा शाळेत मोठ्या तोऱ्यात सांगितलं आणि बाईंना वाटलं, आमच्याकडे रेशनचा गहू न निवडताच दळायला जातो. तसं काही नव्हतं हो. जबलपूरला मदन महल स्टेशनच्या मागे आमचं दोन खोल्यांचं घर होतं, पुढे ओसरी, आणि ओसरीला लागून टिनाची पडवी. त्या पडवीत बाबा संगमरवराच्या मूर्ती घडवायचे आणि त्याची पांढरी भुकटी साऱ्या घरभर हिंडायची. ती माझ्या वेणीत असायची, देवाच्या समईत असायची, लोणच्याच्या बरणीच्या फडक्यावर असायची. आई परात घेऊन बसली की आधी फुंकर मारायची, मग कणीक भिजवायची. "या घरात पीठ कोणतं अन् दगड कोणता, काही समजूनच नाही राहिलं," ती म्हणायची. "एक दिवस दगडाच्या पोळ्या करीन अन् कणकेचा देव बसवीन, मग बसा बोंबलत." बाबा पडवीतून हसायचे. सकाळी तोफांच्या फॅक्टरीचा पहिला भोंगा होईपर्यंत त्यांची छिन्नी चालायची. टक टक टक, मग जरा थांबून दोनदा टक टक, मग फुंकर. त्या आवाजानं मला जाग येत नसे. तो थांबला की येई.

बाबा कराचीचे. लोकांना हे सांगितलं की लोक आधी माझ्याकडे बघतात, मग विचारतात, म्हणजे सिंधी का? नाही हो, पक्के मराठी. माझे आजोबा कोकणातून गलबतानं कराचीला गेले. तिथे तेव्हा मराठी माणसांची वस्ती होती, शाळा होती, गणपती बसत, आणि त्या सगळ्यांना देव लागत. आजोबा देव करायचे आणि बाबा त्यांच्या हाताखाली शिकले. मग देशाची वाटणी झाली. आजोबा त्याच्या आधीच गेले होते. बाबा एकटेच बोटीनं मुंबईला आले, तिथे कोणी ओळखीचं राहिलं नव्हतं, आणि कुणीतरी सांगितलं की जबलपूरला फॅक्टरीत हातात कसब असलेल्या माणसांची भरती चालू आहे, शिवाय भेडाघाटला दगड आहे. दगड आहे म्हटल्यावर बाबा आले. येताना त्यांनी छिन्न्यांची पिशवी तेवढी आणली. एक गोष्ट मात्र राहिली. कराचीत ते एका देवळासाठी दत्ताची मूर्ती करत होते, तीन फुटांची. तिन्ही तोंडं झाली होती, सहाही हात झाले होते, मागची गाय झाली होती. फक्त डोळे उघडायचे राहिले होते. आमच्या घराण्यात डोळे सगळ्यात शेवटी. "एक आंधळा दत्त मी तिकडे ठेवून आलो," असं बाबा म्हणायचे. दुःखात नाही, जेवताना, आमटी वाढून घेताना, साध्या आवाजात. पण मला लहानपणी त्या दत्ताची फार भीती वाटायची. वाटायचं, कुठल्या तरी अंधाऱ्या खोलीत तो सहा हातांनी चाचपत असेल.

फॅक्टरीत बाबा पॅटर्न शॉपमध्ये होते. तोफेच्या गाड्याचे लोखंडी भाग ओतायचे तर आधी तसाच भाग लाकडाचा करावा लागतो, त्याचा ठसा वाळूत घेतात आणि त्या पोकळीत रस ओततात. तो लाकडाचा भाग बाबा करायचे. त्यांच्या हाताला देव घडवायची सवय, त्यामुळे त्यांचे पॅटर्न एवढे गुळगुळीत असत की फोरमन दुसऱ्यांना आणून दाखवायचा. आता यातली एक मेख मला सांगितलीच पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. लोखंड थंड होताना आकसतं. म्हणून लाकडाचा पॅटर्न थोडा मोठा करायचा असतो, फुटामागे दोन सूत. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. प्रत्येक मापात ही वाढ मोजत बसायला नको म्हणून पॅटर्नवाल्यांची पट्टीच वेगळी असते. तिच्यावर फूट लिहिलेला असतो, पण तो खऱ्या फुटापेक्षा दोन सूत मोठा असतो. बाबांना वरच्या ग्रेडची परीक्षा द्यायची होती, तेव्हा सरावासाठी त्यांनी घरी तशीच एक सागवानी पट्टी करून घेतली होती. घरात मग दोन पट्ट्या झाल्या, दोन्ही दोन-दोन फुटी, दोन्ही सागवानी. एक बाजारची, ती सरळ पट्टी. दुसरी ही. तिच्या टोकाला बाबांनी लाल रंग लावला होता. आईनं तिचं नाव ठेवलं होतं थापाडी. "फूट म्हणते अन् फूट नसते, थापाडीच ती," असं तिचं म्हणणं. आम्ही सगळे तेच नाव घ्यायचो. बाबाही.

चीनच्या लढाईपासून फॅक्टरीत ओव्हरटाईम सुरू झाला होता आणि बाबांच्या मूर्ती कमी कमी होत चालल्या होत्या. कधी कुणाचा लहानसा गणपती, कधी कुणाच्या तुळशीवृंदावनासाठी विष्णू. अशात मोघेकाका आमच्याकडे आले. आमच्या भागातल्या मराठी मंडळींचं एक छोटं दत्तमंदिर होतं, मोघेकाका तिथले सेक्रेटरी. मंदिर जुनं, काळ्या दगडाच्या चौकटीची एक देवळी, आणि त्या देवळीत इतकी वर्षं नुसती तसबीर. मंडळींनी ठरवलं होतं की येत्या दत्तजयंतीला मूर्ती बसवायची. मोघेकाका म्हणाले, "जयपूरहून मागवायची असं सगळे म्हणत होते. मी म्हटलं, अरे आपल्यातच माणूस आहे ना. कराचीवाले आहेत." बाबांनी लगेच होकार दिला नाही. पानाचा विडा हातात धरून बसून राहिले. मग विचारलं, "केवढी?" मोघेकाका म्हणाले, "तीन फुटी बसेल." बाबा म्हणाले, "तीन फुटीच करायची होती." मोघेकाकांना त्याचा अर्थ कळला नाही. आईला कळला. ती उठून आत गेली आणि डोळे पुसून चहा घेऊन आली.

दुसऱ्याच दिवशी बाबा मंदिरात जाऊन गवंड्याच्या टेपनं देवळी मोजून आले. आत बरोबर तीन फूट आणि वर चार सूत. चार सूत मोकळे सोडायचे आणि मूर्ती नेमकी तीन फूट करायची, असा हिशोब त्यांनी कागदावर मांडला. दगड भेडाघाटहून आला. सुरुवात अक्षय्य तृतीयेला करायची ठरली. बाबांच्या कामाची एक रीत होती. मूर्तीला इंच फक्त एकदाच लागतो, पहिल्या दिवशी. त्या दिवशी एका मोठ्या पुठ्ठ्यावर मूर्तीची पूर्ण आकृती आखायची. त्यानंतर पट्टीला हात लावायचा नाही. चेहऱ्याची जी लांबी तो ताल, आणि छाती किती ताल, मांडी किती ताल, सगळं त्या तालावर. कंपासानं पुठ्ठ्यावरचं माप घ्यायचं आणि दगडावर टेकवायचं. "देवाला इंच फार दाखवू नयेत," बाबा म्हणायचे. "तो काय बाजारातला कपडा आहे?"

त्या अक्षय्य तृतीयेला घरात आमरस होता. आई कुरडया तळत होती. बाबा आंघोळ करून पडवीत बसले, पुठ्ठा पसरला, आणि कळलं की त्यांचा चष्मा फॅक्टरीतच राहिला. चाळिशी लागल्यापासून जवळचं त्यांना दिसत नसे. मुहूर्त तर सोडायचा नव्हता. त्यांनी मला हाक मारली. "कुंदा गो, ये. मी सांगतो, तू मोजून खुणा कर. कपाटातली पट्टी आण. सरळ." मी तेव्हा तेरा वर्षांची. मी कपाटाशी गेले. सरळ पट्टी कपाटात नव्हतीच. आदल्या आठवड्यात मी ती न विचारता शाळेत शिवणाच्या तासाला नेली होती, शोभा नावाच्या माझ्या मैत्रिणीनं ती मागून घेतली होती, आणि शोभा आपल्या मामाच्या घरी लग्नाला बरगीला गेली होती. बाबांच्या हत्यारांना हात लावायचा नाही, हा आमच्या घरातला एकच कायदा. बाबा कधी मारत नसत, पण हत्यार हलवलं तर दोन-दोन दिवस बोलत नसत, आणि मला ते मारापेक्षा वाईट वाटे. कपाटात थापाडी होती. मी ती हातात घेतली. दोन सूत म्हणजे केवढं ते मी बोटांत धरून पाहिलं. गव्हाच्या दाण्याएवढं. मी मनाशी म्हटलं, एवढ्यानं काय होतं? आई तर भाजीत मीठसुद्धा याहून जास्त-कमी घालते. लाल टोक मुठीत धरून मी पडवीत आले. बाबांनी विचारलं, "सरळच घेतलीस ना?" मी म्हटलं, "हो."

बाबा आकडे सांगत गेले आणि मी खुणा करत गेले. काम झाल्यावर त्यांनी पुठ्ठा उचलून लांब धरला, डोळे बारीक केले आणि म्हणाले, "छान हात आहे गो तुझा. रेषा कापत नाही." आमरसाच्या दोन वाट्या मला जास्तीच्या मिळाल्या. चार दिवसांनी शोभा परत आली, तिच्याकडून पट्टी घेऊन मी कपाटात ठेवून दिली, आणि विषय संपला. अगदी खरं सांगते, मी विसरून गेले. पुढचे सात महिने मला ते एकदाही आठवलं नाही. आज या वयात कुणी मला मुलं निष्पाप असतात म्हणून सांगितलं की माझा संताप होतो. मुलं विसरभोळी असतात, एवढंच.

ते सात महिने आमच्या घरातले सगळ्यात चांगले. बाबा पहाटे चारला उठायचे आणि भोंग्यापर्यंत छिन्नी चालवायचे. दत्ताचं मधलं तोंड आधी बाहेर आलं, मग डावं, मग उजवं. आई येता-जाता बघायची आणि कपबशी ठेवताना पदर डोक्यावर घ्यायची. मग पाकिस्तानशी लढाई लागली. काचांना काळे कागद चिकटवले गेले, संध्याकाळ झाली की मदन महलच्या टेकडीपासून स्टेशनपर्यंत मिट्ट काळोख, फॅक्टरीत बारा-बारा तासांच्या पाळ्या. तिकडे कराचीवर बॉम्ब पडल्याच्या बातम्या रेडिओवर लागायच्या. चौकात लोक रेडिओभोवती उभे असत. एकदा मोघेकाका सगळ्यांसमोर हसून बाबांना म्हणाले, "अहो कराचीवाले, तुमच्या गाववाल्यांना विचारा ना, इकडे विमानं कधी पाठवून राहिले?" लोक हसले. बाबाही हसले. घरी आल्यावर त्यांनी ताट बाजूला सारलं. आई म्हणाली, "काहून जेवत नाही? गंमत केली त्यांनी. चलो, दोन घास खा." बाबा म्हणाले, "अठरा वर्षं झाली गो मला इथे. तोफा करतो मी इथल्या. एकदा हा दत्त बसू दे. मग कुणी विचारणार नाही मी कुठला." त्या दिवशी मला पहिल्यांदा समजलं की ही मूर्ती बाबांसाठी काय होती. त्यांना त्या देवळीत स्वतःसाठीही थोडी जागा हवी होती.

दत्तजयंतीच्या आदल्या आठवड्यात मोघेकाकांनी विचारलं, "एकदा नेऊन बसवून बघायची का?" बाबांना ते आवडलं नाही. "माप मी घेतलंय," ते म्हणाले. "देव दोनदा घराबाहेर काढत नाहीत." जयंतीच्या दिवशी पहाटे मूर्तीचे डोळे उघडले. आई, मी आणि बाबा, तिघंच. दत्ताचे सहा डोळे. बाबांच्या हातात आजोबांची सगळ्यात बारीक छिन्नी होती, आणि ती फुलाच्या देठासारखी त्यांनी दोन बोटांत धरली होती. शेवटचा डोळा झाल्यावर त्यांनी मूर्तीसमोर आरसा धरला, म्हणजे देवानं पहिल्यांदा स्वतःलाच बघावं. मग त्यांनी छिन्नी धुऊन पुसून पिशवीत ठेवली. आमच्या रीतीप्रमाणे डोळे उघडले की त्या मूर्तीला पुन्हा लोखंड लागत नाही. बाबा खाली बसले आणि रडू लागले. मी त्यांना त्याआधी कधी रडताना पाहिलं नव्हतं. आईनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला. ती म्हणाली, "झालं ना मनासारखं? उठा आता. शिरा कढईला लागून राहिला."

ठेल्यावर गाद्या घालून मूर्ती मंदिरात नेली. बाबांच्या शॉपमधले सहा जण दोर घेऊन आले होते, त्यांत रामसजीवन भैया म्हणून एक आडदांड गडी होता, बाबांना फार मानायचा. गुरुजी बसले होते, बायका ताटं घेऊन उभ्या होत्या, नगारा वाजत होता. सहा जणांनी मूर्ती उचलून देवळीच्या तोंडाशी आणली, पुढे रेटली, आणि ती थांबली. वरची प्रभावळ चौकटीला टेकली होती. पुन्हा मागे घेतली, पुन्हा रेटली. पुन्हा टेकली. मोघेकाकांनी टेप आणवला आणि स्वतः मोजलं. "तीन फूट सहा सूत," ते मोठ्यानं म्हणाले. देवळी तीन फूट चार सूत. दोन सूत जास्त. तीन फुटांमागे सहा सूत, म्हणजे फुटामागे दोन. माझ्या हातात फुलांची परडी होती. मला त्या क्षणी सगळं आठवलं, शोभा, बरगी, कपाट, मुठीतलं लाल टोक. मी खांबाला टेकून उभी राहिले.

बाबा पुन्हा पुन्हा चौकटीवर हात फिरवत होते. "असं कसं होईल?" ते म्हणत होते. कुणी म्हणालं, चौकट फोडा. गवंडी म्हणाला, वर सगळा शिखराचा भार आहे, तिला हात लावणार नाही. मोघेकाका म्हणाले, मग प्रभावळ घासा वरून. बाबा म्हणाले, "नाही. डोळे उघडलेत. आता लोखंड लावता येत नाही. मला आठ दिवस द्या, मी देवळीचं खालचं जोतं बदलतो." मोघेकाका म्हणाले, "मुहूर्त साडेबाराचा आहे हो, आठ दिवसांचं काय बोलून राहिले?" आणि मागून कुणीतरी म्हणालं, "कराचीचा फूट मोठा असतो वाटतं." हशा झाला. मला अजूनही तो हशा ऐकू येतो. तेव्हा मी पुढे होऊन एक वाक्य बोलायला हवं होतं. मी परडीतली फुलं कुस्करत राहिले.

रामसजीवन भैयाला बाबांची ती हालत बघवेना. बिचाऱ्यानं चांगल्यासाठीच केलं. "अरे दादा, चिंता मत करो," तो म्हणाला, "थोडा तिरछा करके घुसा देंगे. शॉप में रोज करते हैं." बाबा नको म्हणेपर्यंत चौघांनी मूर्ती कलती केली आणि खांदा लावला. टक असा एक लहानसा आवाज झाला. घरी रोज ऐकायचो तसाच. कमंडलू धरलेला हात मनगटापासून तुटून खाली पडला होता. नगारा थांबला. गुरुजी आसनावरून उठले. खंडित मूर्तीची पूजा होत नाही, हे तिथे कुणालाच सांगायला लागलं नाही. बाबांनी खांद्यावरचं उपरणं काढलं आणि मूर्तीच्या तिन्ही तोंडांवर घातलं. मग वाकून तो हात उचलला आणि कोटाच्या खिशात ठेवला. साडेबाराला देवळीत जुनी तसबीरच परत बसली, आणि लोक प्रसाद घेऊन घरी गेले.

तिसऱ्या दिवशी आम्ही मूर्ती विसर्जनासाठी नर्मदेवर, तिलवाऱ्याच्या घाटाला नेली. नावाड्यानं नाव मध्यभागी, जिथे पाणी खोल होतं तिथे नेली. बाबा, रामसजीवन भैया आणि आणखी दोघं नावेत होते, आई आणि मी घाटावर. भैया त्या तीन दिवसांत काही खात नव्हता म्हणे. मूर्ती पाण्यात सोडताना बाबांनी तोंडावरचं उपरणं काढून घेतलं. काठावर आल्यावर आईनं विचारलं, "काहून काढलं?" बाबा म्हणाले, "डोळे उघडे होते. बघत जाऊ दे." पुलावरून नागपूरची बस गेली. आम्ही घाटावर बसून डब्यातल्या दशम्या खाल्ल्या, कारण आईनं करून आणल्या होत्या आणि घरी जायला उशीर होणार होता.

त्यानंतर एक-दोन रविवार गेले असतील. जेवणं झाली होती, आई ओसरीवर वाटाणे सोलत होती. बाबांनी दोन्ही पट्ट्या आणून फरशीवर शेजारी-शेजारी ठेवल्या. मी अभ्यास करत होते. ते म्हणाले, "कुंदा, इकडे ये." मी गेले. ते माझ्याकडे बघत नव्हते, पट्ट्यांकडे बघत होते. "फुटामागे दोन सूत," ते म्हणाले. "हे उगीच होत नाही. नीट आठवून सांग. त्या दिवशी तू कोणती पट्टी घेतली होतीस?" त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर कदाचित मी खरं बोलले असते. त्यांच्या आवाजात आशा होती. आता इतक्या वर्षांनी मला ते नक्की कळतं. मी 'थापाडी' असं उत्तर द्यावं, एवढंच त्यांना हवं होतं. एक शब्द. माझ्या डोळ्यांसमोर तिलवाऱ्याचं पाणी आलं, तुटलेला हात आला, तो हशा आला, आणि एवढं सगळं माझ्यामुळे झालं हे बाबांना कळलं तर ते पुन्हा माझ्याशी कधीच बोलणार नाहीत असं मला वाटलं. मी म्हटलं, "सरळवाली, बाबा. तुम्ही सांगितली तीच."

बाबांनी मान हलवली. "मग माझंच," ते आईला म्हणाले. "आकडे मीच सांगत होतो ना. अठरा वर्षं वाढ घालून मोजायची सवय. बोलता-बोलता तोंडानंच वाढ घातली मी. हातात फॅक्टरीचा इंच मुरला गो. आता हा हात देवाच्या कामाचा नाही राहिला." आई म्हणाली, "काहीतरीच काय बोलून राहिले? एखाद्या वेळेला होते चूक." बाबा म्हणाले, "एखाद्या वेळेची चूक कुठेही होते. ही सगळीकडे सारखी आहे." दुसऱ्या रविवारी त्यांनी छिन्न्यांची पिशवी भेडाघाटच्या एका कारागिराला देऊन टाकली, आजोबांच्या बारीक छिन्नीसकट. आई दाराशी उभी राहून रडली. मी आत अंथरुणावर पडून पोट दुखतंय म्हणून सांगितलं.

पडवी मग कोळसा आणि सायकल ठेवायला वापरली जाऊ लागली. घर स्वच्छ झालं. पोळी मऊ झाली. आई परातीवर फुंकर मारायची सवय मात्र कितीतरी दिवस सोडू शकली नाही. बाबा फॅक्टरीत वरच्या ग्रेडला गेले, पुढची लढाई झाली, त्यांना चांगल्या कामाचं प्रशस्तिपत्र मिळालं, आणि रिटायर होईपर्यंत त्यांनी एकही देव केला नाही. गणपतीतसुद्धा ते बाजारातून मूर्ती आणायचे. मी कधी सांगितलं नाही, ते का? लोकांना वाटेल भीतीनं. पहिली काही वर्षं भीतीच होती. पण पुढे माझं लग्न झालं, मला मूल झालं, बाबांची भीती कधीच गेली होती, तरी सांगवेना. कारण आता सांगितलं तर त्यांना कळणार की हात चांगला होता. हात चांगला असताना त्यांनी वीस वर्षं दगडाला शिवणं सोडलं, हे कळणार. ते ऐकवायचं कोणत्या तोंडानं? दरवर्षी ते खरं आणखी जड होत गेलं आणि दरवर्षी मी ते आणखी खोल ढकलत गेले. पापभीरू म्हणून आमच्या कॉलनीत माझं नाव आहे. मी ऐकून घेते.

माझा मुलगा सात-आठ वर्षांचा होता तेव्हा त्याला शाळेत मातीचा गणपती करून न्यायचा होता. त्यानं कुठूनशी शाडू आणली आणि आजोबांच्या पुढ्यात ठेवली. "आजोबा, बना दो ना," तो म्हणाला, "आई सांगते तुम्ही भगवान बनवायचे." बाबा खुर्चीत बसले होते. त्यांनी मातीचा एक गोळा हातात घेतला. नुसता घेतला, आणि त्यांचा अंगठा आपोआप चालायला लागला. दोन मिनिटांत सोंडेचं वळण आलं, कानाची पाळी आली. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघत होते. मग त्यांच्या लक्षात आलं आपण काय करतो आहोत. त्यांनी गोळा परत दाबून सपाट केला. "नको रे बाळा," ते म्हणाले, "आजोबांचा इंच बिघडलेला आहे. मोठा देव मोडला माझ्या हातानं एकदा." मुलानं विचारलं, "सच्ची में?" बाबा हसले आणि माझ्याकडे बोट केलं. "तुझ्या आईला विचार. खुणा तिनंच केल्या होत्या. तिला सगळं माहीत आहे."

मुलानं वळून माझ्याकडे बघितलं. बाबाही बघत होते, भुवया थोड्या वर करून, तेव्हा पट्ट्यांकडे बघत होते तसेच. मी म्हटलं, "हो रे. आजोबा खरं सांगतात."

बाबांनी माती गोळा करून पिशवीत भरली, पिशवीला गाठ मारली आणि हात धुवायला उठले.